गाभण भाटीच्या अंगावरचे बदल: कोणते नैसर्गिक, कोणते नाहीत (इंदूर)

मालवी_भाटी · १४ जून, रात्री ९:०५

भाटी, म्हणजे मादी मांजर, गाभण राहिली की आपल्याकडे ठरावीक प्रश्न सुरू होतात. सड गुलाबी झालेत, पोटावरचे केस विरळ झालेत, पाठीवर कोंडा दिसतोय, हे गाभणपणामुळेच ना? बऱ्याचदा उत्तर हो असतं. पण काही वेळा तो पिसवांचा, नायट्याचा किंवा उपासमारीचा त्रास असतो. "गाभण आहे, होणारच" म्हणून तो दोन महिने अंगावर काढला जातो आणि मग तेच दुखणं पिल्लांच्या वाट्याला येतं. म्हणून हा धागा. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घाला.

आधी दिवसांचा हिशोब. गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. ५८ ते ६७ दिवसांत व्याली तरी काळजीचं कारण नाही.

पहिले दोन आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. १५ ते २० दिवसांच्या दरम्यान सड फुगीर आणि गुलाबी होतात. मागचे, मांड्यांजवळचे सड आधी पाहावेत, तिथे बदल ठळक दिसतो. सडांची संख्या बहुधा ८ असते, पण एखादा कमी किंवा जास्त असणं हा दोष नाही. सडांभोवती रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतले केस विरळ होतात. काहींच्या सडाच्या टोकावर तपकिरी, मेणासारखी खपली जमते. ती नखाने काढू नका, पिल्लं ओढायला लागली की आपोआप निघते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद-दोन दिवस खाणं कमी होतं, क्वचित उलटी होते. ३० ते ३५ दिवसांनंतर पोट दिसू लागतं. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कमरेला जी खाच असते ती भरून येते. सातव्या आठवड्यानंतर ती कुशीवर निवांत पडली असताना पोटाची कातडी मधूनच हलते, ती पिल्लांची हालचाल. शेवटच्या आठवड्यात कास भरते.

आता मुख्य गोष्ट. गाभणपणाचा बदल दोन्ही बाजूंना सारखा असतो, पोट आणि सड एवढ्यापुरता असतो, दिवसांच्या हिशोबाने येतो आणि त्याला खाज नसते. खाज हे गाभणपणाचं लक्षण नाहीच. ती पाय झटकत खाजवते, शेपटीच्या मुळाशी चावे घेते, एकाच कुशीवर गोल चट्टा आहे, एखादा सड बाकीच्यांपेक्षा गरम आहे, यांपैकी काहीही दिसलं तर कारण वेगळं शोधायचं.

---

नारायणबाग · १४ जून, रात्री ९:४०

सडांबद्दल भर. गुलाबी रंग पांढऱ्या किंवा भुऱ्या मांजरात छान दिसतो. काळ्या आणि तिरंगी मांजरांचे सड मुळातच काळसर असतात, त्यांच्यात रंग शोधत बसू नये. तिथे आकार पाहायचा. एरवी मसुरीएवढा, केसांत हरवलेला सड बोट फिरवल्यावर ताठ लागायला लागतो.

दुसरं, जी आधी व्यालेली आहे तिचे सड कायमचेच थोडे मोठे आणि लोंबते राहतात. तिच्यात तिसऱ्या आठवड्यातला फरक सहज निसटतो. पहिलटकरणीत तो सगळ्यात स्पष्ट असतो.

आणि मागच्या पायांच्या मधे लोंबणारी सैल कातडी म्हणजे गर्भ नव्हे. आपल्या देशी मांजरांत ती झोळ सर्रास असते, नसबंदी झालेल्या मांजरातही आणि बोक्यातही. चालताना ती डावी-उजवीकडे हलते. गाभण पोट तसं हलत नाही, ते घट्ट आणि दोन्ही बाजूंना भरलेलं असतं.

---

लोकमान्यनगर_७ · १४ जून, रात्री १०:१२

बोका कधी लागला तो दिवसच माहीत नसेल तर हिशोब कुठून धरायचा? गच्चीवर ये-जा असणाऱ्या मांजराचं काय करायचं?

---

महू_पशुवैद्य · १४ जून, रात्री १०:५५

मांजरात बीज आपोआप सुटत नाही. बोका लागल्यानंतर २४ ते ४८ तासांत सुटतं. माजाच्या त्या चार-सहा दिवसांत ती अनेक वेळा आणि अनेकदा वेगवेगळ्या बोक्यांकडून लागते. त्यामुळे एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात आणि नेमकी तारीख धरणं अवघड जातं. गच्चीवरच्या मांजरासाठी सोपा मार्ग असा: तिचं रात्रीचं ओरडणं आणि लोळणं जिथे थांबलं त्याच्या आसपासचा दिवस पहिला धरा आणि चार दिवसांची ढील ठेवा.

सोनोग्राफी २१ ते २८ दिवसांत करावी, तेव्हा हृदयाचे ठोके दिसतात. पण पिल्लं मोजायला ती कच्ची पडते. मोजायची असतील तर ५५व्या दिवसानंतर एक एक्स-रे. तोवर हाडं पक्की झालेली असतात, कवट्या आणि मणके मोजता येतात. आकडा हातात असणं फार उपयोगाचं आहे. पाच पिल्लं माहीत असतील आणि चारच बाहेर आली तर थांबायचं नाही हे कळतं. इंदूरकरांना महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय जवळच आहे. शहरातल्या दवाखान्यात सोनोग्राफी नसेल तर हा पर्याय लक्षात ठेवा.

पोट चाचपून पिल्लं मोजायचा प्रयत्न घरी करू नये. तिसऱ्या आठवड्यात गर्भ द्राक्षाएवढा असतो, दाबला गेला तर जातो.

सड गुलाबी म्हणजे गाभणच, असंही नाही. बोका लागला, बीज सुटलं, पण गर्भ राहिला नाही, तर खोटं गाभणपण येतं. ते सुमारे ४० दिवस टिकतं आणि त्यात सड तसेच फुगतात. म्हणून सोनोग्राफी.

---

रामबागेतली · १५ जून, सकाळी ७:२०

डॉक्टर, सड नाही तर पूर्ण कासच अचानक लिंबाएवढी फुगली, तीही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तर? लोक लगेच कॅन्सर म्हणतात.

---

महू_पशुवैद्य · १५ जून, सकाळी ८:०५

चांगला प्रश्न, कारण हे दिसतं भयानक आणि असतं बहुतेक वेळा वेगळंच. दोन वर्षांच्या आतल्या मांजरात, पहिल्या माजानंतर किंवा गाभणपणाच्या सुरुवातीला, प्रोजेस्टेरॉन या गाभणपणाच्या संप्रेरकाच्या प्रभावाने दुधाच्या ग्रंथींची बेसुमार वाढ होते. एक, दोन किंवा सगळ्या ग्रंथी थोड्याच दिवसांत फुगतात. कातडी इतकी ताणते की निळसर-लाल दिसते, जमिनीला घासून फाटते आणि जखम चिघळते. ही गाठ कर्करोगाची नव्हे. पण घरी बसून पाहण्यासारखीही नाही. जखम झाली, ती लंगडायला लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

हाच प्रकार "माज थांबवायच्या" इंजेक्शनाने आणि गोळ्यांनी होतो, कारण त्यात प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. त्याच औषधाने गर्भाशयात पू होण्याचा धोकाही वाढतो. बोक्यापासून सुटका हवी असेल तर नसबंदी करा, असली इंजेक्शनं मागू नका.

---

मालवी_भाटी · १५ जून, सकाळी ८:३०

धन्यवाद. ही माहिती फार जणांना नसते.

केसांबद्दल पुढे लिहिते. गाभण मांजर शेवटच्या दोन आठवड्यांत पोट आणि सड जास्त चाटते. त्यामुळे आणि कातडी ताणल्यामुळे पोटाखालची लव पातळ होते, कातडी गुलाबी किंवा राखाडी दिसते. हे ठीक. पण त्या जागेवर बोट उलट्या दिशेने फिरवून पाहा. केस मुळापासून गेले असतील तर कातडी गुळगुळीत लागते. तुटके, काटेरी खुंट हाताला लागले तर ती केस चावून तोडते आहे, म्हणजे तिथे खाज आहे. या एका चाचणीवरून बराच उलगडा होतो.

पाठीवर, मानेवर, कानांवर, शेपटीवर टक्कल पडणं गाभणपणात बसत नाही. पोटातल्या पिल्लांमुळे पाठीचे केस जात नाहीत.

---

नारायणबाग · १५ जून, दुपारी १:१५

पावसाळा तोंडावर आहे म्हणून पिसवांचं आधी. ओलसर हवेत त्या भराभर वाढतात.

तपासायची रीत: उवांची बारीक फणी घ्या. शेपटीच्या मुळाशी आणि मानेखाली पाच-सहा वेळा फिरवा. फणीत आलेले काळे कण पांढऱ्या ओल्या कापसावर टाका आणि दोन मिनिटं थांबा. कणाभोवती लालसर-तपकिरी वलय पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसतीच धूळ असेल तर रंग सुटत नाही. पिसू प्रत्यक्ष दिसली नाही तरी चालेल, मांजर चाटून गिळून टाकते. गिळलेल्या पिसवांतून तिला टेपवर्म (चपटा जंत) होतो, मग गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात.

गाभण मांजराला पिसवा म्हणजे नुसती खाज नाही, रक्त जातं. हिरड्या पाहा, गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर उशीर करू नका.

औषधात चूक होते ती इथे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला मारतं. गाभण असो नसो. "थोडंसं टाकलं" हेही नाही. घरात कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजर दूर ठेवा. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरावर सेलामेक्टिन हे पिसवांचं औषध वापरता येतं, पण वजनावर मात्रा ठरते, म्हणून डॉक्टरांकडूनच घ्या. आणि फक्त मांजरावर औषध टाकून भागत नाही. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सोफ्याच्या फटीत, दिवाणाखाली असतात. तिची चादर गरम पाण्यात दर आठवड्याला, खाली व्हॅक्यूम किंवा निदान केरसुणी कोपऱ्याकोपऱ्यात.

---

सुदामानगर_मनी · १५ जून, दुपारी २:०२

कडुनिंबाचं तेल, हळद, कापूर लावलेलं चालतं का? वडीलधाऱ्यांचा सल्ला तोच असतो.

---

महू_पशुवैद्य · १५ जून, दुपारी ३:३०

नाही. कारण साधं आहे. माणूस लावलेलं औषध चाटत नाही, मांजर अर्ध्या तासात सगळं चाटून पोटात घेते. शिवाय मांजराच्या यकृतात काही विषारी पदार्थांचा निचरा करणारी यंत्रणा फार अशक्त असते. कापूर, डांबर गोळ्या, निलगिरी, टी-ट्री तेल, फिनाईल, पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं अँटिसेप्टिक, हे सगळं त्याच यादीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते, ताप वाटला तरी द्यायची नाही. लूत लागली म्हणून गाडीचं जळकं तेल चोपडतात, तेही तसंच.

लूत आणि नायटा यांतला फरक सांगतो. लुतीत कानाच्या कडा, कपाळ, तोंड यांवर जाड राखाडी खपल्या येतात आणि खाज असह्य असते, रात्रभर खाजवते. नायट्यात गोल चट्टा, तुटके केस, कडेला कोंडा, आणि खाज कमी किंवा अजिबात नाही. म्हणूनच नायटा गाभणपणाच्या खात्यात सहज टाकला जातो. त्याला खाज नसते, पण तो पोटापुरता राहत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखा येत नाही.

---

पर्शियनपाळ · १५ जून, सायंकाळी ६:४५

लांब केसांच्या मांजरात नायटा लपून राहतो, अंगावर काही न दिसताही पर्शियन तो बाळगून असतात. घरातल्या मुलांच्या हातावर लाल कडा असलेलं गोल वर्तुळ उठलं तर मांजर तपासून घ्या. मांजरातला नायटा माणसाला होतोच.

दवाखान्यात निळसर दिव्याखाली पाहतात, केस हिरवट चमकले तर नायट्याची शक्यता खूप. पण सगळ्या बुरशा चमकत नाहीत. म्हणून केस उपटून वाढवायला ठेवतात, निकालाला दोन-तीन आठवडे लागतात. गाभणपणात उशीर परवडत नाही, तेव्हा दिव्याखाली पाहणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहणं यावरच उपचार सुरू होतात.

गाभण मांजराला ग्रिसिओफल्विन (बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध) कधीच देऊ नये, पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. वरून लावायचं औषध किंवा शाम्पू डॉक्टर ठरवतील. घरात गळलेल्या केसांवर बुरशीचे कण महिनोन्‌महिने जिवंत राहतात, त्यामुळे केस गोळा करून पिशवीत बांधून टाका, झटकून उडवू नका.

पर्शियनचा आणखी एक मुद्दा. शेवटच्या आठवड्यात सडांभोवतीचे आणि शेपटीखालचे केस कमी करावेत, नाहीतर पिल्लांना सड सापडत नाही आणि व्याल्यानंतरचा स्राव केसांत चिकटून जखम होते. कात्रीने हे काम करू नका. पोटाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि सड केसांत दिसत नाहीत, कात्रीखाली सड कापला जाण्याचा धोका खरा आहे. छोटं ट्रिमर, एकाने धरायचं आणि एकाने फिरवायचं. ट्रिमरला ती घाबरत असेल तर नुसतं विंचरून गुंते सोडवा, तेवढं पुरे.

---

रामबागेतली · १५ जून, रात्री ९:१०

अंगावर कोंडा आणि केस निस्तेज, पण खाज नाही, चट्टे नाहीत, पिसवा नाहीत. खाणं दूध-पोळी, दही-भात, कधी पनीर. घर शाकाहारी, अंडंही येत नाही. हा गाभणपणाचा कोरडेपणा म्हणायचा का?

---

मालवी_भाटी · १५ जून, रात्री १०:२५

नाही ताई, हा आहाराचा कोरडेपणा आहे. यावर नीट लिहायला हवं, आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत हे फार दिसतं. प्रेमात काही कमी नसतं, पण दूध-पोळीवर मांजर गर्भ पोसू शकत नाही.

मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी. तिच्या शरीरात टॉरिन हे मांसात मिळणारं पोषकद्रव्य पुरेसं बनत नाही आणि वनस्पतीत ते जवळजवळ नसतंच. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व करतो, ती करू शकत नाही. त्वचेला लागणारं एक स्निग्धाम्लही तिला प्राण्याच्या चरबीतूनच मिळतं. टॉरिन कमी पडलं तर गर्भ पोटातच विरून जातात, पिल्लं मेलेली किंवा अगदी लहान जन्मतात. आईचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. टॉरिनच्या कमतरतेचा हृदयविकाराशी असलेला संबंध १९८७ साली अमेरिकेत दाखवला गेला आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं.

केस म्हणजे बहुतांशी प्रथिनच. प्रथिन कमी पडलं की शरीर आधी गर्भाला पुरवतं आणि कातडीचा वाटा कापतं. म्हणून कोंडा, रुक्षपणा, चिमटीत सहज निघणारे केस. तेल चोळून हे सुधारत नाही.

उपाय: पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य. हेच गाभण मांजराला द्यायचं, मोठ्या मांजराचं नाही. शिजवायचं काही नाही, वेगळी वाटी, बाल्कनीत किंवा मोरीजवळ जागा, त्यामुळे शाकाहारी घरातही जमतं. बदल ७ ते १० दिवसांत: पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. एकदम बदललं तर जुलाब होतात.

प्रमाण, ३ किलोच्या भाटीसाठी: सुरुवातीला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम, शेवटच्या पंधरवड्यात ६५ ते ७० ग्रॅम, दूध पाजताना १०० ते १३० ग्रॅम. पाकिटावरचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तो माना. शेवटी पोटात जागाच उरत नाही, म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. पाणी दोन-तीन ठिकाणी.

दूध बंद केलं तरी बिघडत नाही. मोठ्या मांजराला त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि आहे ते पोषणही वाहून जातं.

---

ग्वाल्हेरी · १५ जून, रात्री ११:०२

मांसाहारी घरांतही चूक होते. नुसतं उकडलेलं चिकन रोज दिलं तर कॅल्शियम नसतं. कलेजी रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं आणि पिल्लांचा टाळू दुभंगलेला निघतो. कच्चं अंडं दिलं तर पांढऱ्यातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो, त्याने केसच बिघडतात. उकडलेलं अंडं चालतं. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नाही, रक्तपेशी फुटतात.

आणि कॅल्शियमच्या गोळ्या "हाडं मजबूत व्हावीत" म्हणून गाभणपणात देऊ नका. बाहेरून मिळालं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायची सवय सोडतं, आणि दूध सुरू झाल्यावर एकदम लागतं तेव्हा ते काढताच येत नाही.

---

लोकमान्यनगर_७ · १६ जून, सकाळी ७:५०

वजन किती वाढावं?

---

ग्वाल्हेरी · १६ जून, सकाळी ८:१५

मूळ वजनाच्या साधारण ४० टक्के. ३ किलोची भाटी ४ किलो २०० ग्रॅमपर्यंत जाते. कुत्री शेवटच्या तीन आठवड्यांत वाढते, मांजर मात्र पहिल्या आठवड्यापासून हळूहळू चरबी साठवते, कारण ती दूध पाजताना वापरायची असते. व्याल्यावर सगळी वाढ उतरत नाही, ते बरोबरच आहे.

दर रविवारी एकाच वेळी वजन करा. तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजा करायचं. पोट मोठं पण पाठीचा कणा आणि कुल्ल्याची हाडं हाताला टोचतात, असं असेल तर ते निरोगी गाभणपण नाही. पोटात पाणी, जंत किंवा उपासमार, यांतलं काहीतरी आहे.

---

बडोदेकर · १६ जून, सकाळी १०:३०

बडोद्याहून. इकडे घामट हवेत हनुवटीवर काळे ठिपके आणि पुटकुळ्या येतात, गाभण मांजरातही. त्याचा गाभणपणाशी संबंध नाही. प्लास्टिकच्या वाटीला चरे पडतात, त्यात जिवाणू राहतात. स्टीलची वाटी, रोज घासलेली, आणि हनुवटी कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसायची. पिळायचं नाही.

आंघोळ शक्यतो नको. अंग माखलं तर कोमट ओलं फडकं. इंदूरकरांनी रंगपंचमीला गाभण मांजर घराबाहेर सोडू नये. गेरीचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीतला, रंग अंगावर पडला तर ती चाटून पोटात घेते. कोरडा रंग आधी ब्रशने झटका, मग ओल्या फडक्याने पुसा, आणि ती चाटणार नाही एवढा वेळ टॉवेलात धरून ठेवा.

घरात कोणी बाई गरोदर असेल तर मातीची पेटी तिने साफ करू नये. दुसऱ्याने रोज साफ करावी. टोक्सोप्लाझ्मा या पोटातल्या गर्भाला घातक परजीवीची अंडी विष्ठेत पडल्यावर लगेच धोक्याची नसतात, त्यांना निदान एक दिवस लागतो. रोजची सफाई म्हणूनच महत्त्वाची.

---

सुदामानगर_मनी · १६ जून, दुपारी १२:२०

शेवटच्या आठवड्यात सड दाबून चीक येतो का पाहायचा, असं ऐकलं आहे. त्यावरून दिवस कळतो म्हणतात.

---

महू_पशुवैद्य · १६ जून, दुपारी १:४०

दाबू नका. दाबल्याने सडाचं तोंड उघडतं आणि जिवाणू आत जातात, व्यायच्या आधीच कास सुजते. दूध बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांत येतं, पण काहींना आठवडाभर आधीही येतं, त्यामुळे त्यावरून दिवस कळतही नाही.

ताप मोजणं जास्त खात्रीचं. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात सुमारे दीड सेंटीमीटर. ५८व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ. एरवीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०० च्या खाली उतरलं की बहुतेक वेळा १२ ते २४ तासांत कळा. ती फार चिडत असेल तर हा हट्ट सोडा.

स्रावाबद्दल: शेवटच्या दिवसांत पारदर्शक किंवा किंचित पांढुरका चिकट द्रव, थोडासाच, ठीक. त्याआधी कधीही रक्त, हिरवट-काळा, पूसारखा किंवा दुर्गंधी स्राव आला तर वाट पाहू नका. जोराच्या कळा २० ते ३० मिनिटं चालल्या आणि पिल्लू आलं नाही, तरी तसंच. तोंड उघडून धापा टाकणं मांजरात, कळांचा वेळ सोडला तर, कधीच साधं नसतं. मे महिन्यातही नाही.

त्वचेसाठी किंवा सर्दीसाठी आधीची उरलेली औषधं देऊ नका. डॉक्सिसायक्लिन आणि त्या गटातल्या औषधांनी पिल्लांच्या हाडा-दातांवर परिणाम होतो, स्टिरॉइडने गर्भ पडू शकतो. जिवंत विषाणूची लसही गाभणपणात नको, पिल्लांचा छोटा मेंदू वाढत नाही आणि ती आयुष्यभर लडखडत चालतात.

---

मालवी_भाटी · १६ जून, सायंकाळी ७:१५

व्यायच्या जागेचं थोडक्यात. ६० बाय ४५ सेंटीमीटरचं खोकं, पुढची कड १२ ते १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे आई ओलांडेल आणि पिल्लं बाहेर येणार नाहीत. खाली वर्तमानपत्रांचे थर, वर जुनी सुती साडी. लूप असलेला टॉवेल नको, नखं अडकतात. दोन आठवडे आधी ठेवा, नाहीतर ती कपाटात किंवा दिवाणात जागा शोधेल. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३० अंश ऊब लागते. डिसेंबर-जानेवारीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच कोपऱ्यात, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लं सरकू शकतील.

---

रामबागेतली · १६ जून, रात्री ८:४०

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ती फिरवणारच का?

---

नारायणबाग · १६ जून, रात्री ९:२५

सात हा आकडा म्हणीतला. पण फिरवते ती कारणाने: जागा ओली झाली, वास बसला, सारखे पाहुणे आले, उजेड डोळ्यावर आला, पिसवा झाल्या. साडी रोज बदला, पहिले दहा दिवस पिल्लं कमीत कमी हाताळा, मग बहुधा एकाच ठिकाणी राहते. तिने हलवलीच तर परत आणून ठेवू नका, तिच्या नव्या जागेलाच सुरक्षित करा.

व्याल्यानंतरच्या कातडीचं: लालसर-तपकिरी स्राव हळूहळू कमी होत तीन आठवड्यांपर्यंत चालतो. पोटाची कातडी लोंबते, सडांभोवती केस उरत नाहीत, पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे दिसतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लांच्या नखांची फक्त पारदर्शक टोकं कापली तर ओरखडे थांबतात. एक-दीड महिन्याने पूर्ण अंगाचे केस मूठमूठ गळतात. खाली कातडी स्वच्छ, टक्कल नाही, खाज नाही, तर हे गळणं नैसर्गिक. नवे केस येतात.

रोज एकदा कासेवरून हात फिरवा. सगळ्या ग्रंथी कोमट आणि मऊ हव्यात. एकच कडक, गरम, जांभळट, हात लावला की ती ओरडते, दूध पिवळट किंवा रक्ताळ, हा कासेचा दाह. पिल्लं अचानक ओरडायला लागली आणि वजन थांबलं, तर आधी कास पाहा. निरोगी पिल्लू जन्मतः ९० ते ११० ग्रॅम असतं आणि रोज सुमारे १० ग्रॅम वाढतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज मोजा.

---

महू_पशुवैद्य · १६ जून, रात्री १०:०५

यात एक खाज जोडतो, कारण ती त्वचेची वाटते आणि नसते. व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांत आई एकाएकी तोंड जमिनीवर, पंजांवर घासत राहते, बेचैन होते, पाय ताठ पडतात, अंग थरथरतं, धाप लागते. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. पिल्लं लगेच बाजूला करा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. घरी गोळी भरवत बसू नका, शिरेतून द्यावं लागतं, तेही हृदयाचे ठोके पाहत हळूहळू.

---

लोकमान्यनगर_७ · १६ जून, रात्री १०:४०

नसबंदी कधी करायची? दूध पाजताना ती माजावर येत नाही ना?

---

महू_पशुवैद्य · १६ जून, रात्री ११:१०

येते. व्याल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, पिल्लं अंगावर पीत असतानाही. दिवस मोठा असेल तर मांजरं माजावर येतात आणि आपल्या अक्षांशावर हिवाळ्यातही दिवस फार लहान होत नाही, त्यामुळे वर्षातले बहुतेक महिने हा धोका असतो. तोवर दारं-खिडक्या बंद, गच्ची बंद.

पिल्लं चौथ्या आठवड्यापासून ओलं खाऊ लागतात, आठव्या आठवड्याला सुटतात. सुटल्यावर दोन आठवडे थांबा, दूध आटू द्या. भरलेल्या कासेतून चिरा घेतला तर दूध जखमेत झिरपतं आणि टाके लवकर जुळत नाहीत. दूध आटावं म्हणून कास पिळू नका, पिळली की आणखी येतं. खाद्य हळूहळू मोठ्या मांजराच्या प्रमाणावर आणा, पाणी कमी करू नका. आणि पिल्लांपैकी भाट्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकतात, त्यांची तारीख आईच्या तारखेबरोबरच घेऊन ठेवा.